साळखात्याचं दार



एक फॉर्म महिनाभर माझ्या ट्रंकेत पडून आहे. वर कवितेची वही, खाली फॉर्म. रोज वही काढताना तो दिसतो. रोज मी वही काढतो आणि फॉर्म तसाच ठेवून देतो.

मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. साच्यापुढनं फिरायचं, तुटलेला धागा सांधायचा, भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. दुरुस्ती खात्यात एक जुने फिटर आहेत. ते म्हणाले, "पोरा, तुझा हात चांगला आहे. जन्मभर धागेच सांधणार काय? फिटरचं काम शिकून घे." दोन वर्षं शिकाऊ म्हणून राहायचं. दिवसा काम, संध्याकाळी वर्ग. सुरुवातीला आताच्यापेक्षा पैसे कमी. दोन वर्षांनी मात्र हातात कसब येणार, आणि ते कसब ही गिरणी उद्या बंद पडली तरी माझ्याबरोबर चालत येणार.

अडचण एवढीच की संध्याकाळ हाच माझा लिहायचा वेळ. आमच्या कलापथकाची गाणीही मीच लिहितो. सहा डिसेंबर ते चौदा एप्रिल पथक गावोगाव फिरतं. पथकातल्या दोस्तांचं म्हणणं, यंदा गिरणीच सोड आणि पूर्णवेळ आमच्यात ये.

दोन माणसांनी मला दोन वाक्यं ऐकवली. पथकातला दोस्त म्हणाला, "तू कवी माणूस. पाना हातात घेतलास की कविता मेली." आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "कवितेनं चूल पेटती का रं? अण्णाभाऊंचं शेवटी काय झालं, ठावं हाय न्हवं?"

दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते. पण ही दोन्ही वाक्यं कुठून आली, हे शोधल्याशिवाय मला सही करवेना. माझी शाळा नववीत सुटली, दहावी बाहेरून दिली. बाकीचं शिक्षण वाचनालयात, पाळीवरून आल्यावर झालं. त्यातून जे गोळा केलं ते इथं मांडतो. कारण हा फॉर्म माझ्या एकट्याच्या ट्रंकेत नाही. आपल्यातल्या कितीतरी पोरापोरींच्या उशाखाली तो आहे. कुणाकडे आयटीआयचा, कुणाकडे नर्सिंगचा, कुणाकडे कंप्युटरचा. आणि त्याच उशाखाली एक वही.

*

पहिली गोष्ट. "आवड बघू की पोट बघू" हा प्रश्न पडायला आधी निवडायचा हक्क लागतो. आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्नच पडला नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. गावानं काम ठरवलेलं होतं. मेलेलं ढोर ओढ, सांगावा ने, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळ, सरपण फोड. बदल्यात बलुतं, तेही हात पसरून. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचं निर्मूलन' मध्ये यावरच बोट ठेवलं. जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. माणसाचा कल आणि कुवत न बघता ती जन्माआधीच त्याचा धंदा ठरवून टाकते.

म्हणजे आज मी महिनाभर गोंधळात आहे, हा गोंधळसुद्धा मला कुणीतरी लढून मिळवून दिलेला आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं, तेव्हा त्यांना नेमकी ही गाठच सोडवायची होती. वतनाच्या तुकड्याला बांधलेला माणूस मोकळा झाला पाहिजे, हवं ते काम करायला.

*

दुसरी गोष्ट. आपल्यातले पहिले लिहिणारे कोण होते, आणि ते कशावर जगत होते, हे नीट बघा.

गोपाळबाबा वलंगकर. एकोणिसाव्या शतकात अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवणारा हा माणूस लष्करातून निवृत्त झालेला. लष्करानं त्यांना लिहिणं-वाचणं दिलं आणि पेन्शन दिलं. गावच्या पाटलाकडून बलुतं येत नव्हतं, म्हणून पाटलाविरुद्ध बोलायला तोंड मोकळं होतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत. त्या घरात पुस्तकं होती, कारण त्या घरात पगार होता. १८९०च्या दशकात इंग्रज सरकारनं आपल्या लोकांची भरती बंद केली, तेव्हा नोकऱ्या तर गेल्याच, आणि अक्षरांकडं जाणारी एक वाटही त्याबरोबर बुजली.

नारायण मेघाजी लोखंडे घ्या. सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी. गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८० पासून 'दीनबंधु' चालवला, १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या झगड्यातून. गिरणीच्या आत काय चालतं हे ठाऊक असलेला माणूस संपादक होता, म्हणून त्या पेपरात दम होता. खुद्द जोतीराव ठेकेदारी करत होते. बांधकामं घेत होते. 'गुलामगिरी' १८७३ साली आली. ती लिहिणाऱ्या माणसाला चुना, दगड आणि मजुराची हजेरी माहीत होती.

नागपूरचे किसन फागुजी बनसोडे घ्या. कवी, मजुरांचे पुढारी, आणि स्वतःचा छापखाना घालणारे. १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक', १९१८ साली 'मजूर पत्रिका'. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला मजकूर कोण छापणार? म्हणून टाईप, शाई आणि यंत्र स्वतःच्या घरात आणलं. इथं कवी कुठं संपतो आणि कारागीर कुठं सुरू होतो, सांगा बघू.

आणि बाबासाहेब. 'मूकनायक' चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा. त्या वेळी बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरी, म्हणून संपादक म्हणून नाव दुसऱ्याचं, पांडुरंग भटकरांचं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब पगारातून पैसे साठवत होते आणि त्याच काळात लिहीतही होते. पगार आणि लेखणी यांचं भांडण त्यांनी लावलं नाही. एकाला दुसऱ्याच्या कामाला जुंपलं.

*

आता मी ज्या जागी उभा आहे तिथला इतिहास. गिरणीचा.

माझा पणजा सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेला आणि रिंगखात्यात लागला. आपल्या बहुतेकांचे पणजे रिंगखात्यातच का सापडतात? साळखात्यात, म्हणजे मागावर, का सापडत नाहीत? मी लहानपणी समजायचो की आपल्या लोकांना विणकाम जमत नसेल. हे मी खरंच समजायचो, आणि आता त्याची लाज वाटते.

कारण असं. मागावर धोटा असतो. धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते काढायची जुनी रीत म्हणजे भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला आज एका कामगाराचं तोंड, उद्या दुसऱ्याचं. म्हणून सवर्ण विणकरांनी आपल्या माणसाला साळखात्यात पाय ठेवू दिला नाही. विटाळ! बाहेर एकाच भोंग्यावर उठणारे, एकाच मालकाकडून लुबाडले जाणारे हे आपले कामगार बंधू. पण धोट्याच्या भोकात जात आडवी आली.

साळखात्यात मजुरी रिंगखात्यापेक्षा बरीच जास्त होती. म्हणजे विटाळाचा हिशेब थेट पगाराच्या पाकिटात होत होता.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हा प्रश्न ठेवला. अस्पृश्य कामगाराला सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क मिळाला पाहिजे, ही मागणी तुमच्या यादीत घाला. नाहीतर माझ्या माणसांनी तुमच्या संपात का मरायचं? पुढाऱ्यांनी नाखुशीनं मागणी घातली. ती मालकांपुढं गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे, तुमच्याच लोकांचा आहे. मालक काही सज्जन नव्हते. पण या एका मुद्द्यावर त्यांना संपवाल्यांच्या तोंडावर मारायला खरं बोलणं सापडलं. मागणी झाली म्हणून साळखात्याचं दार लगेच उघडलं, असंही झालं नाही.

मित्रांनो, हा प्रसंग आपण सभेत सांगतो तो कामगार चळवळीचा दुटप्पीपणा दाखवायला. मला त्यात आज आणखी एक गोष्ट दिसते. मनूनं आपल्याकडून वेद तेवढे लांब ठेवले, असं आपण म्हणतो. पण यंत्रही लांब ठेवलं होतं. जिथं कसब आहे, जिथं डोकं लागतं, जिथं मजुरी आहे, ते यंत्र. पोथी आणि माग, दोन्हीला एकच कुलूप होतं.

तर मग माझा दोस्त म्हणतो ते वाक्य कुठून आलं? "कवीनं पाना हातात घेऊ नये." हे आपलं वाक्य नव्हे. ते त्यांचं, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाताला तेल लागलं नाही. हात काळे झाले की डोकं खालच्या दर्जाचं होतं, ही त्यांची श्रद्धा. आपण ती नकळत उचलली. आणि नानांचं वाक्य, "कवितेनं चूल पेटत नाही"? त्यालाही दुसरी बाजू आहे. तुझ्या जातीच्या माणसाला पोटापुरतं काम मिळालं, आता पुस्तकाबिस्तकाच्या नादाला कशाला लागतोस, हे गावचा पाटील आपल्या बापजाद्यांना सांगत आला. नाना प्रेमानं म्हणतात, पाटील दरडावून म्हणायचा. शब्द तेच.

*

बाबासाहेबांचं याबाबत म्हणणं काय होतं? पुष्कळांना वाटतं की त्यांनी फक्त 'शिका' म्हटलं. काय शिका, हेही त्यांनी सांगितलं होतं.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला एक लांबलचक निवेदन दिलं, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं. त्यात शिक्षणाचा भाग आहे. त्यांचं म्हणणं, नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या माणसांचं फारसं भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रविद्येचं वरच्या दर्जाचं शिक्षण मिळालं पाहिजे. त्यासाठी शिष्यवृत्त्या द्या, मुलं परदेशी पाठवा. आणि सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या पोरांना शिकाऊ म्हणून घ्या.

छापखाना आणि रेल्वेचा कारखाना! हे वाचलं तेव्हा मी वाचनालयात थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. स्वतः कायद्याचा एवढा मोठा पंडित, पण आपल्या पोरांसाठी मागतो कंपोझिंगची केस आणि लेथ मशीन. पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्याला ८.३३ टक्के जागा मिळाल्या. त्यानंतर आपली मुलं शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला गेली.

आणि हेच बाबासाहेब १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढतात, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. त्या कॉलेजांतून आपले लेखक निघाले, समीक्षक निघाले. म्हणजे त्यांनी यंत्र की साहित्य असा निवाडा दिला नाही. दोन्ही कुलपं फोडायला माणसं पाठवली.

*

आता नानांचा सवाल. अण्णाभाऊंचं शेवटी काय झालं?

तो टाळून पुढं जाता येणार नाही. अण्णाभाऊ साठे, जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव. शाळा दीड दिवसाची. घरचे सगळे मिळून चालत मुंबईला आले. पडेल ती मजुरी केली, गिरणीतही काम केलं. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. मग जन्मभर लिहिणं आणि गाणं. तीसवर कादंबऱ्या, शिवाय कथा, वगनाट्यं, पोवाडे. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच साली रशियाला जाऊन आले. आणि राहत होते घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. १८ जुलै १९६९ ला गेले, वय एकोणपन्नास सुद्धा पुरं नाही. गेले ते गरिबीत.

मी स्वतःला विचारलं, अण्णाभाऊ गिरणीतच तीस वर्षं राहिले असते तर 'फकिरा' झाली असती का? प्रामाणिकपणे सांगतो, मला वाटतं, नसती झाली. म्हणून "आधी नोकरी, मग कला" असा सोपा मंत्र मी कुणाला देणार नाही. काही माणसांना सगळंच ओतावं लागतं. वामनदादा कर्डक असेच. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. मुंबईत अंगमेहनत केली, मोठेपणी अक्षरं गिरवली, १९४३ पासून गाणी लिहायला लागले आणि २००४ साली जाईपर्यंत थांबले नाहीत. खेड्यापाड्यात बाबासाहेब पोचले त्यात वामनदादांच्या आवाजाचा वाटा मोठा. हा माणूस दहा ते पाच नोकरीत मावला नसता.

पण त्यांच्या हालाचा दोष कवितेवर टाकू नका. दोष आपला. आपण त्यांची गाणी घेतली, भाडं दिलं नाही. रात्र रात्र गाऊन घेतलं आणि सकाळी एस.टी.च्या फाट्यावर सोडलं. जयंतीला त्यांच्या गरिबीवर भाषणं ठोकतो, जणू काही उपास हा प्रतिभेचा दाखला आहे. उपास हा दाखला नव्हे. उपाशी राहून कुणी मोठा कवी होत नाही, उपाशी राहून माणूस लवकर मरतो. अण्णाभाऊ उपासामुळं मोठे झाले नाहीत. उपास असूनही झाले.

आता दुसऱ्या तऱ्हेची माणसं बघा. बाबुराव बागूल सुरतेला रेल्वेत होते, तिथं जात लपवून खोली घ्यावी लागली. त्या अनुभवातून 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आली, १९६३ साली त्या नावाचा संग्रह. १९६८ पर्यंत ते पोटासाठी पडेल ते काम करत लिहीत राहिले, मग पूर्णवेळ लेखणी धरली. नारायण सुर्वे गिरणीत बॉबिन भरणारं पोर, मग शाळेतले शिपाई, मग त्याच महापालिकेच्या शाळांत मास्तर. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा. दया पवार आधी पशुवैद्यकीय महाविद्यालयात, पुढं रेल्वेच्या हिशेब खात्यात. खर्डेघाशी करून आल्यावर लिहिलं, १९७८ साली 'बलुतं' आलं. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत. मुंबईच्या ज्या गल्ल्या 'गोलपिठा' मध्ये १९७२ साली आल्या, त्या त्यांनी स्टिअरिंगच्या मागून पण बघितल्या होत्या.

आणि बायांचं काय? त्यांना तर तिसरी पाळी. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून, पुडीला आणलेल्या रद्दी कागदांवर, घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. त्यातून 'जिणं आमुचं' आलं. उर्मिला पवारांची आई बांबूची आयदानं विणून पोरांना जगवायची. उर्मिलाताई सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत लिहीत राहिल्या, आणि २००३ साली आपल्या आत्मकथेला त्यांनी आईच्या हातातल्या कामाचंच नाव दिलं, 'आयदान'. पोट की लेखणी असं विचारणाऱ्यानं आधी घरात भाकरी कोण थापतंय ते बघावं. माझी आई भाकरी थापते म्हणून माझी संध्याकाळ मोकळी असते. हे लिहिताना मला ते पहिल्यांदा नीट कळलं.

*

आता शेवटची गोष्ट. माझ्या आज्याची.

आजाही रिंगखात्यात होता, मुंबईला, लालबागच्या बाजूला. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. डॉक्टर सामंतांचा संप, साठच्या वर गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर मागं घेतला गेलाच नाही, आणि पुष्कळ गिरण्यांचे भोंगे परत वाजलेच नाहीत. आजा वर्षभर वाट बघत बसला. नंतर गावाकडं आला आणि दुसऱ्याच्या उसात मजुरी करू लागला. त्याच्याच चाळीतला एक फिटर मात्र ठाण्याच्या पुढं एका कारखान्यात लागला. आजा म्हणायचा, "मला साचा चालवता येत हुता. त्याला साचा कळत हुता." एवढाच फरक. ज्याला नुसता साचा चालवता येतो, तो साच्याबरोबर भंगारात जातो. ज्याला साचा कळतो, त्याला दुसरा कुठलाही साचा कळतो.

म्हणून "नोकरी म्हणजे सुरक्षित" असंही कुणी समजू नका. नुसत्या हाताची नोकरी कवितेइतकीच बेभरवशाची आहे. फरक शिकण्यात आहे.

पण आज्याची गोष्ट इथं संपत नाही. आजा चाळीतल्या जलशात ढोलकी वाजवायचा, आणि स्वतः गाणी रचायचा. चाळीस-पन्नास तरी होती असं आजी सांगायची. लिहिता येत नव्हतं. लिहून घ्यायला कुणी बसलं नाही. मी लहान असताना तो गेला. आज मला त्यातल्या दोन गाण्यांची चाल आठवते. शब्द नाहीत.

मित्रांनो, दोन्ही गोष्टी गेल्या. यंत्राचं ज्ञान नव्हतं म्हणून पोट गेलं, आणि अक्षराचं ज्ञान नव्हतं म्हणून गाणी गेली. मी पाना आणि वही यांना एकमेकांपुढं उभं करून महिनाभर बसलो होतो, आणि माझ्या घरातच एक माणूस दोन्हीवाचून संपलेला होता.

*

मी फॉर्म भरला. काल सही केली.

यात मी काहीतरी गमावणार आहे, ते झाकत नाही. दोन वर्षं कविता कमी होतील. यंदा पथकाबरोबर मला सगळीकडं जाता येणार नाही, रविवारच्या कार्यक्रमांना तेवढं येईन. गाणी देईन, पण दोस्तांना हवी तेवढी नाहीत. एखादी कविता अशी असेल जी त्या संध्याकाळीच आली असती आणि नंतर येणार नाही. ते नुकसान माझं. पण मला रिंग आणि बॉबिनच्या मध्ये सुताला पीळ कसा बसतो, मोटरला वीज कुठून येते, बेअरिंग का जळतं, हे समजून घ्यायचं आहे. आपल्या माणसाला साळखात्याच्या दारातून परत पाठवलं होतं. मी तिथून यंत्राच्या पोटात शिरणार. आणि जे दिसेल ते लिहिणार.

तुमच्यापैकी कुणाचा निर्णय उलटा असेल. कुणी म्हणेल, मला गाणंच करायचं आहे, सगळं सोडून. त्याला नानांसारखं चुलीचं उदाहरण देऊ नका. त्याला दोन गोष्टी विचारा. अक्षर पक्कं आहे का? आणि पडत्या दिवसांत हाताला येईल असं एखादं काम ठाऊक आहे का? वायरिंग असो, शिवण असो, टायपिंग असो. नसेल तर शिकायला लावा. तेवढं झालं की जाऊ द्या त्याला.

आणि आपल्या मंडळांनी एक ठराव करावा, ही माझी विनंती. शाहिराला बोलावलं तर जाण्यायेण्याचं भाडं, जेवण आणि मानधन आधी हातात द्यायचं, मग हार घालायचा. वर्गणी कमी जमली तर मंडप लहान करा, लायटिंग कमी करा. शाहिराचे पैसे कापू नका. ज्यांनी पगाराची वाट धरली, त्यांच्यावर हे देणं जास्त आहे. मीही फिटर झाल्यावर देईन. पूर्णवेळ गाणाऱ्याला जगवणं हे नोकरी करणाऱ्या कवीचं काम आहे.

हा अंक तुमच्या हातात आला तो कुणीतरी स्टेन्सिल कापलं म्हणून, आणि कुणीतरी यंत्राचा दांडा फिरवला म्हणून. मागच्या अंकात शाई फुटली आणि आठ पानं वाया गेली. रोलर का बिघडला हे आपल्यातल्या एकालाही कळलं नाही, सगळे कवी! बाहेरच्या माणसाला पैसे देऊन बोलवावं लागलं. पुढच्या वर्षीपर्यंत मला तेवढं तरी जमेल असं वाटतं.

जय भीम.